एकटा गडी बांधीत, जबाबदारी कोणाची?

आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणीला पंधरा-वीस बाया एका ओळीत उभ्या असतात. कापणीला टोळी जाते, मळणीला दहा हात लागतात. पण शेतीतली जी कामं सगळ्यात धोक्याची, नेमकी तीच माणूस एकट्यानं करतो. रात्री अकराला वीज आली की बोअरवर जातो एकटा. पाठीवर पंप अडकवून औषध फवारतो एकटा. रानडुकरांपासून धान राखायला जागलीला जातो तो एकटा. पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला निघालेली बाईसुद्धा बरेचदा एकटीच असते.

हा एकटा माणूस कधी मालक असतो, कधी मालकाचा मुलगा. पण बहुतेक वेळा तो रोजीचा मजूर नाहीतर वर्षाच्या कराराचा गडी असतो. त्याला काही झालं तर जबाबदारी कोणाची, असा प्रश्न गावच्या बैठकीत निघाला की दोन टोकाची उत्तरं मिळतात. कोणी म्हणतो, "शेतीत कुठला आला कायदा साहेब?" कोणी म्हणतो, "सरकार दोन लाख देते ना!" ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. शेतीतही कायदा आहे, आणि ते दोन लाख सगळ्यांना मिळत नाहीत. गडी ठेवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानं आणि गावच्या प्रत्येक पदाधिकाऱ्यानं हा विषय एकदा नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

घात होतो तो उशिरानं

साप माणूस एकटा आहे की दुकटा हे पाहून चावत नाही. विजेचा धक्काही चारचौघांत बसू शकतो. फरक पडतो तो पुढच्या अर्ध्या-एक तासात. सोबत कोणी असेल तर तो मेन स्विच बंद करतो, 108 ला फोन लावतो, गाडी काढतो. एकटा माणूस मात्र पडला तिथंच राहतो. घरच्यांना वाटतं, पाणी फिरवतो आहे. मालकाला वाटतं, घरी जाऊन झोपला असेल. सकाळी कोणीतरी धुऱ्यावरून जाताना दिसतं, तोवर उपचाराची वेळ निघून गेलेली असते.

आपल्याच जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मँगनीज खाणीचं उदाहरण घ्या. भूमिगत खाणीत कोण उतरलं आणि कोण वर आलं याची नावानिशी नोंद ठेवण्याचा दंडक 1952 च्या खाण कायद्यानं घातला. पाळी संपली आणि एक नाव वर आलं नाही, तर शोध लागलीच सुरू होतो. रात्री दीड वाजता बांधीत उतरलेल्या गड्याची अशी नोंद कोणाजवळ असते? आपल्याला हीच सवय लावून घ्यायची आहे. कोण कुठं गेला, किती वाजता परत येणार, आणि नाही आला तर पाहायला कोण जाणार, या तीन गोष्टी कोणाला तरी ठाऊक असल्या पाहिजेत.

वर्षातले पाच प्रसंग

आपल्याकडच्या शेतीच्या वर्षात एकट्या माणसावर बेतणारे पाच प्रसंग ठरलेले आहेत.

पहिला, रात्रीचं ओलित. उन्हाळी धानाला पाणी सारखं लागतं. शेतीच्या वाहिनीवर वीज पाळीपाळीनं काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मिळते. सौर कृषी वाहिनी योजनेतून काही भागांत दिवसा वीज मिळू लागली आहे, पण रात्रीची पाळी अजून सगळीकडून गेलेली नाही. ओल्या पायानं, ओल्या हातानं स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला हात लावणं म्हणजे संकटाला बोलावणं. पेटीला अर्थिंग पक्की हवी, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. ऑटो स्विच असलेल्या पंपाचा आणखी एक धोका आहे. वीज गेली म्हणून माणूस मोटारीत हात घालतो, तेवढ्यात वीज येते आणि पंप आपोआप सुरू होतो. म्हणून दुरुस्तीआधी मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून खिशात ठेवायचा. आणि डीपीवरचा फ्यूज टाकायला शेतकऱ्यानं किंवा गड्यानं जायचंच नाही. ते काम महावितरणच्या माणसाचं आहे. 1912 वर तक्रार नोंदवा. एक रात्र पाणी चुकलं तर धान मरत नाही.

दुसरा प्रसंग जागलीचा. जमिनीवर तणस अंथरून झोपणाऱ्याला मण्यारचा धोका मोठा. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश बरेचदा फारसा दुखत नाही, सूजही दिसत नाही. माणूस "मच्छर चावला असेल" म्हणून पुन्हा झोपतो. पुढं पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास कमी पडतो. जागलीला खाट आणि मच्छरदाणी दिली तर हा धोका बराच टळतो. खाटेला आणि मच्छरदाणीला लागणारा पैसा माणसाच्या जिवापुढं काहीच नाही. साप चावल्यावर कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, मांत्रिकाकडं नेणं यात वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. त्यामुळं साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

जागलीशी जोडलेला आणखी एक घातक प्रकार म्हणजे तारेत करंट सोडणं. डुकरासाठी आकडा टाकून लावलेल्या तारेवर शेजारचा शेतकरी, रात्री पाणी द्यायला निघालेला गडी, कधी घरचाच माणूस चिकटतो. हा उघड गुन्हा आहे. माणूस मेला तर निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा, प्रसंगी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. वन्यप्राणी मेला तर 1972 चा वन्यजीव कायदा लागतो, वीजचोरीचा गुन्हा वेगळा. कुंपण करायचंच तर सौर झटका मशीनचं करा. त्यात करंट क्षणभरच येतो, जनावर पळतं, जीव जात नाही.

तिसरा, फवारणी. तुडतुडे, खोडकिडा, गादमाशी यांच्यासाठी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पंप पाठीवरून उतरत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आपण विसरता कामा नये. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या हंगामात त्या एका जिल्ह्यात 20 हून जास्त माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यात रोजीनं फवारणारे शेतमजूरही होते. आपला धान कपाशीसारखा डोक्याइतका वाढत नाही, म्हणून आपल्याला भीती नाही असं समजू नका. उघड्या पायानं चिखलात चालत, गळका पंप घेऊन, एका दिवसात सात-आठ एकर मारणाऱ्याच्या अंगात औषध कातडीतूनच जातं. फार घाम, तोंडाला लाळ, मळमळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, अंग फडफडणं ही विषबाधेची लक्षणं. एकटा माणूस ती उन्हावर ढकलतो. म्हणून फवारणी करणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस हवाच. लक्षण दिसताच कपडे काढा, साबणानं अंग धुवा, आणि औषधाचा डबा किंवा लेबल घेऊन दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या मोफत क्रमांकावर मिळतं. डॉक्टरलाही तिथं सल्ला विचारता येतो.

चौथा, विहीर. गाळ काढायला किंवा पाणबुडी मोटार ओढायला एकट्यानं उतरणं बंद झालं पाहिजे. जुनी माणसं कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे बरोबर. पण कंदील विझला नाही म्हणजे विहीर सुरक्षित आहे, असं नाही. विहिरीच्या आत डिझेल इंजिन चालवलं असेल तर त्याच्या धुरातला वायू कंदील विझवत नाही, माणसाला मात्र विझवतो. कमरेला दोर, वर दोन माणसं, इंजिन विहिरीबाहेर. आणि आतला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागं लगेच दुसऱ्यानं उडी घ्यायची नाही. एकामागून एक उतरून दोन-तीन माणसं गेल्याच्या घटना राज्यात अनेकदा घडल्या आहेत.

पाचवा प्रसंग रानाचा आणि आभाळाचा. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्यांच्या काठची गावं मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलाला आणि मे महिन्यात तेंदूपानाला जातात. फुलं वेचणारा माणूस ओणवा असतो, झुडपामागून तो वाघ-बिबट्याला जनावरासारखा दिसतो. पहाटेच्या अंधारात जाऊ नये, चार-पाच जणांनी मिळून जावं आणि एकानं उभं राहून लक्ष ठेवावं. विजेचा काळ म्हणजे जूनचे पहिले पाऊस आणि परतीचा पाऊस. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आसपास वीज पडण्याची सूचना आधी देतं. गड्याजवळ साधा फोन असेल तर मालकानं आपल्या फोनवर पाहून त्याला कळवावं. झाडाखाली थांबू नये, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे, तरी दरवर्षी माणसं झाडाखालीच मरतात.

कायदा काय म्हणतो?

"एकट्यानं काम करू नये" असा सरसकट कायदा आपल्याकडं नाही, आणि बाहेरच्या देशांतही सहसा नाही. इंग्लंडमध्ये 1974 पासून कामावरच्या सुरक्षिततेचा कायदा आहे. तिथंही एकट्यानं काम करायला बंदी नाही. पण माणसाला एकट्यानं पाठवण्याआधी धोका कोणता हे मालकानं तपासायचं आणि त्याच्याशी संपर्क ठेवायचा, हे त्याचं कर्तव्य ठरतं. शेतीतल्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2001 मध्ये 184 क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडं 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली सुरक्षिततेची संहिता मुख्यतः दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. एक-दोन गडी ठेवणारा आपला शेतकरी त्या हिशेबात बसत नाही. मग आपल्याला लागू काय पडतं? तीन गोष्टी.

एक, कीटकनाशकांचा कायदा. 1968 चा कायदा आणि 1971 चे नियम यांत स्पष्ट म्हटलं आहे की, कीटकनाशक हाताळणाऱ्या आणि फवारणाऱ्या माणसाला योग्य संरक्षक कपडे असले पाहिजेत. रिकामे डबे फोडून, वस्तीपासून दूर पुरून टाकायचे, उघड्यावर ठेवायचे नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. हातमोजे, मास्क, चष्मा, गमबूट मजुरानं आपल्या रोजीतून आणायचे, हा आपण पाडलेला रिवाज चुकीचा आहे. ज्याच्या पिकासाठी फवारणी, त्यानंच ते द्यायचे.

दोन, नुकसानभरपाईचा कायदा. हा 1923 सालापासून होता. आता तो 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. कामातून आणि काम करत असताना अपघात झाला तर भरपाई मालकानं द्यायची, हे त्याचं सूत्र. यात शेतकाम येत नाही, असा मोठा गैरसमज आहे. ज्या कामांची यादी कायद्याला जोडली आहे तीत ट्रॅक्टरनं किंवा यंत्रशक्तीच्या साधनांनी होणारी शेती आहे, शेतातली कीटकनाशकांची फवारणी आहे, यंत्रानं होणारी कापणी-मळणीही आहे. नव्या संहितेनं घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध जुळत असेल तर, यात घेतला आहे.

तीन, फौजदारी कायदा. मालकाच्या निष्काळजीपणानं माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा होतो. फाटक्या वायरची मोटार ठाऊक असूनही गड्याला सुरू करायला लावली, तर "मला काय माहीत" हे चालणार नाही.

एकदा हिशेब करून पाहा

मृत्यू झाला तर भरपाई कशी निघते ते सांगतो. महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. गडी 35 वर्षांचा असेल तर तो आकडा 197.06 आहे. त्याची मजुरी महिन्याला 10,000 रुपये धरा. निम्मे 5,000. गुणाकार केला की 9,85,300 रुपये होतात. तरुण गड्यासाठी आकडा आणखी मोठा असतो.

हे वाचून दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येईल, ते मला कळतं. आपणही काही सावकार नाही. पण भीती वाटून विषय टाळण्यात फायदा नाही. मजुरांच्या भरपाईची जबाबदारी घेणारी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं मिळते. कायमचा गडी, ट्रॅक्टर, हार्वेस्टर असणाऱ्यानं तिची चौकशी करावी.

गावात बरेचदा असं होतं. माणूस जातो, चार प्रतिष्ठित बसतात, पाच-पन्नास हजार देऊन स्टँपवर सह्या होतात, "आता आमची काही तक्रार नाही." बंधूंनो, कायद्यानं या कागदाला किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई वारसाच्या हातात परस्पर देऊनही चालत नाही, ती सक्षम अधिकाऱ्याकडं जमा करावी लागते. वारसांना दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. "तो दारू पिऊन होता" हे कारण मालक पुढं करतो, पण मृत्यूच्या प्रकरणात तेवढ्यानं जबाबदारी टळत नाही. सरपंच, पोलीस पाटील आणि तंटामुक्त समितीच्या सदस्यांनी हे ध्यानात ठेवावं. तडजोड घडवताना आपल्या हातून एका विधवेचं नुकसान होऊ नये, आणि पैसे देऊनही मालक मोकळा होऊ नये असंही घडू नये.

सातबारा असलेला आणि नसलेला

आता त्या दोन लाखांचं पाहू. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना 2023 पासून या रूपात सुरू आहे. सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणं, विषबाधा, पाण्यात बुडणं, जनावराचा हल्ला अशा अपघातांत मृत्यू झाला तर 2 लाख रुपये मिळतात. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तरी 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख. वय 10 ते 75. प्रस्ताव 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं द्यायचा असतो.

पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यांच्यासाठी आहे. समजा, एकाच धुऱ्यावर, एकाच जातीच्या सापानं मालक दगावला तर त्याच्या घरी 2 लाख जातात. भूमिहीन गडी दगावला तर त्याच्या घरी या योजनेतून एक रुपया जात नाही. त्याच्या आई-वडिलांच्या किंवा बायकोच्या नावावर थोडीही शेती असेल तर कुटुंबातला सदस्य म्हणून त्याचा विचार होऊ शकतो, म्हणून तेवढं आधी तपासा. नसेल तर त्याच्या पोराबाळांचा आधार म्हणजे वर सांगितलेली मालकाची भरपाई.

भूमिहीनालाही मिळणारी मदत दोन ठिकाणी आहे. वीज पडून मृत्यू झाला तर तहसील कार्यालयामार्फत 4 लाख रुपये. वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर यांसारख्या वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर वनविभागामार्फत 25 लाख रुपये. वन्यजीव कायदा मोडताना झालेल्या घटनेला ही मदत लागू होत नाही. घटना घडताच वनरक्षकाला किंवा 1926 या क्रमांकावर कळवा.

तिसरी सोय आपल्या हातातली आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. वय 18 ते 70. गड्याच्या खात्यात हे 20 रुपये मालकानं दरवर्षी मे महिन्यात टाकावेत, कारण योजनेचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. यानं मालकाची कायदेशीर जबाबदारी संपत नाही, पण घराला तातडीचा आधार होतो.

कागद हाच साक्षीदार

एकट्या माणसाच्या मरणाला साक्षीदार नसतो. तो सापानं गेला, विजेनं गेला की आणखी कशानं, हे सांगायला कोणी नसतं. म्हणून कागद महत्त्वाचे. गावात अजूनही "फाडाफाडी नको" म्हणून शवविच्छेदन टाळतात आणि सकाळी अंत्यविधी उरकतात. महिन्याभरानं घरची माणसं आमच्या कार्यालयात येतात, तेव्हा हातात मृत्यूच्या दाखल्याशिवाय काही नसतं. अशा वेळी आम्हालाही काही करता येत नाही.

तेव्हा पोलीस पाटलांनी अशा मृत्यूची खबर लगेच पोलीस ठाण्यात द्यावी. स्थळ पंचनामा करून घ्यावा. विजेचा अपघात असेल तर महावितरणला कळवावं, विद्युत निरीक्षकाचा अहवाल पुढं कामी येतो. विषबाधा असेल तर औषधाचा डबा फेकू नये. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, वारसाची नोंद करून घ्यावी. आणि दवाखान्यात भरती करताना "शेतात काम करताना" हे शब्द केसपेपरवर लिहून घ्यावेत. या तीन शब्दांवर पुढं दावा उभा राहतो.

दावा कसा करायचा हे कळत नसेल तर भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला तिथं वकील मोफत मिळतो.

ग्रामपंचायतही मालकच

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनो, हा विषय फक्त शेतकऱ्याचा नाही. नळयोजनेचा मोटार चालवणारा पहाटे चारला एकटा जातो. तोच पाण्याच्या टाकीवर एकटा चढतो, ब्लिचिंग पावडर उघड्या हातानं कालवतो, वायर जोडतो. त्याचा मालक ग्रामपंचायत आहे. टाकीच्या शिडीला कठडा आहे का, मोटारघराला अर्थिंग आहे का, त्याला हातमोजे दिले का, हे मासिक सभेत विचारा. शौचालयाच्या टाकीत माणूस उतरवणं तर 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यासाठी यंत्राची गाडी बोलवायची. तेंदूपानाचं काम ग्रामसभा स्वतः करत असेल किंवा ठेकेदाराला देत असेल, तर मजूर गटानं जातील आणि संध्याकाळी मोजणी होईल, ही अट ठरावातच घाला.

उद्यापासून काय करायचं?

फार खर्चाच्या गोष्टी सांगत नाही. जमेल तेवढंच सांगतो.

मालकानं: रात्री गडी पाठवला तर त्याच्या परतीची वेळ ठरवा. त्या वेळी त्याचा फोन आला नाही तर आपण करा. फोन लागला नाही तर झोपू नका, उठून पाहायला जा. चांगली बॅटरी, काठी, गमबूट आणि जागलीला खाट-मच्छरदाणी द्या. फवारणीला आणि विहिरीला दोन माणसं लावा, दुसऱ्याची रोजी पडली तरी लावा. 18 वर्षांखालच्या पोराला आणि गरोदर बाईला फवारणीजवळ आणू नका. रोजी दिल्याची नोंद वहीत ठेवा, ती दोघांच्याही कामाची आहे.

गड्यानं: भाऊ, तुझं नाव, गावचा पत्ता आणि घरचा फोन नंबर असलेली चिठ्ठी खिशात ठेव. कुठल्या बांधीत जातो ते बायकोला सांगून निघ. मास्क, हातमोजे मागायला लाजू नको. अंगात ताप असताना, उपाशीपोटी किंवा दारू पिऊन पंप उचलू नको. वायर फाटकी दिसली तर "उद्या करू" म्हणायचा तुला हक्क आहे.

गावानं: शेजारी शेत असणाऱ्या पाच-सहा शेतकऱ्यांनी रात्रीच्या पाळीची जोडी बांधावी. आज तू माझ्याकडं पाहा, उद्या मी तुझ्याकडं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 108, 1912, 1926 आणि 1800 116 117 हे क्रमांक मोठ्या अक्षरात रंगवून घ्यावेत. सापाचं प्रतिविष आपल्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात असतं, याची चौकशी आशाताईंनी पावसाळ्याआधीच करून ठेवावी. रात्री उठून शोधण्याची ही गोष्ट नाही. खरिपाच्या पूर्वतयारीची ग्रामसभा होते तेव्हा बियाणं-खताबरोबर हा एक विषय पत्रिकेवर घ्यावा. आम्ही कृषी खात्याची माणसं त्या सभेला असतोच, आम्हाला विचारा.

पूर्वी गडी मालकाच्या घरी जेवायचा. रात्री त्याच्या ताटाची जागा रिकामी दिसली की घरधनीण विचारायची, "अजून कसा आला नाही गा?" आता मजुरी रोखीनं दिली जाते, गडी आपल्या घरी जातो, आणि तो प्रश्न विचारणारं कोणी राहिलं नाही. कायद्यातली कलमं, भरपाईचे आकडे, योजनांचे अर्ज हे सगळं अपघातानंतरचं आहे. अपघाताआधी आपल्या हाती हा प्रश्नच आहे. ज्याच्या शेतात माणूस कामाला आहे, त्यानं तो रोज संध्याकाळी आणि पाळी रात्रीची असेल तर रात्रीसुद्धा विचारावा.